कोरा रकाना

शनिवारची दुपार आहे. शब्बाथला, आम्हा ज्यूंच्या विसाव्याच्या दिवशी, मी पेनाला हात लावत नाही, म्हणून नुसती वाचत बसले आहे. जेवणाच्या टेबलावर प्रुफं पसरली आहेत. अश्दोदचा उकाडा असा, की पंखा फिरतो तो नावाला. प्रुफांवर टेकलेला हात घामाने चिकटतो आहे.

प्रुफं आमच्या पक्षाच्या हिब्रू वर्तमानपत्राच्या इतिहासाची. पेपर बंद पडून आठ वर्षं झाली आणि आता पक्षाला त्याचा उमाळा आला आहे. तिथे तीस वर्षं प्रुफं तपासली, म्हणून इतिहास मी लिहायचा. उद्या सकाळी पुस्तक छापायला जाईल. पान एकशे बारावर एक वाक्य आहे, ते माझं नाही. पक्ष कार्यालयाने घातलं आणि मी राहू दिलं. ते तिसऱ्यांदा वाचताना ओळी सैल पडायला लागतात.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

हनोखमामा आहे. माझ्या आईचा थोरला भाऊ, हनोख झिराडकर, त्याच पेपरात कंपोझिटर होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. अंगात तोच खाकी शर्ट, आणि चेहरा रागाने लाल. जिवंतपणी मी त्याला रागावलेला कधी पाहिला नव्हता.

"वाच."

"काय वाचू?"

"एकशे बारा."

टेबल आता छापखान्यातला दगडी ओटा झाला आहे आणि प्रुफाच्या जागी शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेलं पान. खिळ्यांवरची अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी. मी हिब्रूच्या सवयीने उजवीकडून सुरुवात करते आणि अडखळते.

"डावीकडून वाच गो. शिशात हिब्रू आपल्या मराठीसारखी डावीकडून चालते. म्हणून तर मला ती महिन्यात आली. कागदावरची मागाहून आली."

मी वाचते. 'त्या दिवशी पहिल्या पानावर एक रकाना कोरा गेला. भारतातून आलेल्या एका कामगाराला हिब्रू वाचता येत नसल्याने ही चूक झाली.'

"मला वाचता येत नव्हती?" मामा विचारतो.

मी मान वर करते तर आम्ही रेवदंड्याच्या मशिदीत उभे आहोत. कोकणातले आमचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात. तोरा हा धर्मग्रंथ ठेवायच्या कपाटात खिळ्यांच्या पेट्या रचल्या आहेत आणि भिंतीवर, तिथे कधीच नव्हती अशी, तेल अवीवच्या पक्ष कार्यालयातली चौकट टांगली आहे. काचेमागे तेल अवीववरही इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचा अंक. सेन्सॉरने बातमी कापली आणि संपादकाने ती जागा दुसऱ्या कशानेही भरली नाही, पांढरीच सोडली. आल्यागेल्याला पक्ष हा अंक छाती फुगवून दाखवतो. माझ्या पुस्तकातही त्याला अख्खं पान दिलं आहे.

"पहिल्या दिवशी मला ह्याच्यासमोर उभा केला," मामा सांगतो. "बोलले, झिराडकर, बघ. छापू देत नाय, तिथे आम्ही दुसरं काय घालत नाय. मी समजलो, इथली रीतच ही."

"आणि तू ती पाळलीस."

"मग? भिंतीवर लावलीय म्हणजे पाळायचीच ना?"

पुढचं मला पाठ आहे. देशात नव्याने आलेल्यांच्या छावणीत पक्षाचं कार्ड दाखवेल त्यालाच काम मिळतं, अशी ती बातमी होती. लष्करी सेन्सॉरनेसुद्धा तिला हात लावला नव्हता. काढायला लावली ती पक्षाच्याच तेव्हाच्या चिटणिसाने, पान बांधून झाल्यावर, आणि भरायला बिटाच्या पिकाचं कौतुक पाठवलं.

"मी बीट बाजूला ठेवलं," मामा म्हणतो. "कोरं शिसं भरलं."

म्हणजे इंग्रजांपुढे कोरा ठेवला तर बाणा, आणि ह्यांच्यापुढे ठेवला तर अडाण्याची चूक! माझं डोकं भडकतं, पण समोर पक्ष नाही, मामा आहे.

"मग चूक झाली असं लिहून का दिलंस? सही तुझी आहे मामा! तोच कागद ते माझ्या तोंडावर मारतात. जन्मभर मूग गिळून बसलास आणि आता मेल्यावर मला जाब विचारतोस?"

"घरात सात माणसं होती," तो म्हणतो. "तुझी आई तेरा वर्षांची. नोकरी गेली असती तर शाळेतून काढून तिला संत्र्याच्या बागेत धाडली असती. तिच्यासाठी सही केली. तुझ्या घरात कोण आहे? एक मांजर!"

"मला त्यांनी..."

"मंचावर खुर्ची दिली."

खरंच आहे ते. पुढच्या महिन्यात समारंभ, मंचाच्या पहिल्या रांगेत खुर्ची, गळ्यात हार. एवढ्यासाठी मी स्वतःच्या मामाला निरक्षर ठरवलं. मला त्याचा राग येतो, चिटणिसाचा येतो आणि सगळ्यात जास्त माझा येतो.

मशिदीत आता खुर्च्याच खुर्च्या आहेत, सगळ्या रिकाम्या. मामा ते शिशाचं पान दोन्ही हातांनी उचलतो आणि माझ्या हातावर ठेवतो.

"धर. तुझंच आहे."

ते जड आहे आणि गरम. मी हात ओढून घेते आणि जागी होते.

उन्हं खिडकीतून उतरली आहेत. मांजर खुर्चीत झोपलं आहे. हात प्रुफावरून सुटतो तेव्हा कागद फाटल्यासारखा आवाज येतो. घामाने शाई ओली होऊन कोपरापासून मनगटापर्यंत उमटली आहे, उलटी. मला अडखळायला होत नाही. मी डावीकडून वाचते. 'भारतातून आलेल्या एका कामगाराला हिब्रू वाचता येत नसल्याने', आणि मनगटापाशी, प्रकरणाच्या शेवटी छापलेलं माझं नाव.

आभाळात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटेल. तोवर हात धुणार नाही. मग पेन घेऊन ते वाक्य खोडायचं, त्या जागी काहीही भरायचं नाही आणि पक्षाच्या आताच्या चिटणिसाला फोन करायचा. तो विचारील, एकशे बारावर जागा कोरी का, चूक झाली का?

"नाही," मी सांगणार आहे, "मला वाचता येतं."