बोगदा का मिटतो

बुलढाण्याजवळच्या धाड गावात आमची पिठाची गिरणी आहे. तिच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची बाबांना इतकी सवय, की घरातही ते हाक मारल्यासारखंच बोलत. त्याच माणसाला लकवा मारला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं पार बंद झालं. बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. तुम्ही बोलत राहा."

मी पुण्याहून रजा टाकून आले. आई तर दिवसभर बोलायचीच. बाजारात कांदा कसा निघाला, कोणाच्या घरी पाहुणे आले. माझ्याजवळच्या गोष्टी मात्र लवकर संपल्या. उरलं माझं संशोधन. घरी त्याबद्दल कोणी फारसं विचारत नसे. पोरगी ताऱ्यांचं शिकते, एवढंच बाबा गिऱ्हाइकांना सांगत.

एका दुपारी त्यांच्या हाताला तेल चोळता चोळता मी सांगायला लागले.

"बाबा, ताऱ्यांच्या मधातली जागा वाकते. लय वाकली तं दोन दूरची ठिकाणं बोगद्यानं जोडल्या जाऊ शकतात. गणित नाही म्हणत नाही. पण कोणाले अजून तसा बोगदा दिसला नाही. अन् साधा बोगदा झालाच, तं तो इतक्या लवकर मिटते की उजेडही पार जाऊ शकत नाही."

त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"का... ऊन?"

माझे हात थांबले. आई कणकेच्या हातानंच बाहेर आली.

"काऊन?" ते पुन्हा म्हणाले. बोगदा का मिटतो, हे ते विचारत होते. मी प्रश्नाचंच उत्तर दिलं. "सगळ्याच वस्तू एकमेकीले आत ओढतात, बाबा. बोगदा उघडा ठेवायचा तं बाहेर रेटणारं काहीतरी लागते. शून्याहूनही कमी ऊर्जेचं. तसं कणभर असते निसर्गात. पण तेवढ्यानं भागत नाही, असंच बहुतेकांले वाटते."

आई पदरानं डोळे पुसत होती. मग एकदम रागावली. "मी इतके दिवस बोलून राह्यली, तं हूं नाही की चूं नाही! अन् बोगद्याले बोलले!"

बाबांच्या ओठाचा डावा कोपरा वर गेला. ते हसत होते.

रजा संपेपर्यंत मी रोज थोडं थोडं सांगत गेले. आईही भाजी निवडत शेजारी बसायची आणि मधेच त्यांच्या वतीनं शंका काढायची. निघायच्या दिवशी त्यांनी विचारलं, "हाय... का नाही?"

"माहीत नाही, बाबा. मले वाटते नसन. पण नाहीच, असं अजून कोणाले दाखवता आलं नाही."

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

आता ते सकाळी गिरणीत जाऊन बसतात. दळण आई बघते. फोनवर त्यांचं एक वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागतो, आणि मागून गिरणी ऐकू येत असते. मी मधे बोलत नाही.