तीन उसने पाय आणि एक खरा

हॅमंड टगवेल छपरं शाकारायचा. यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांत इंग्लंडच्या गादीवरून जुंपली, तेव्हा भोवतालचे सगळे सरदार कुठल्या ना कुठल्या बाजूला गेले. हॅमंड दोघांचीही छपरं शाकारत राहिला. "गळती काय बाजू विचारून लागते होय?" असं म्हणायचा.

गावचे मालक सर राल्फ लँकेस्टरकडून लढताना पडले. त्यांचा मुलगा इन्ग्रॅम तेव्हा अकरा वर्षांचा. जिंकलेल्या राजानं पोर आणि जमीन दोन्ही यॉर्कवाल्या सर फल्कच्या हाती दिली, पोर एकवीस वर्षांचं होईपर्यंत. जन्माच्या नोंदी कुणीच ठेवत नसे. म्हणून वेळ आली, की गावातल्या बारा वयस्कांनी बायबलवर हात ठेवून सांगायचं, की अमुक साली हे मूल जन्मलं, त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो दिवस मला अमुक कारणानं आठवतो.

इन्ग्रॅम एकवीसचा झाला. सर फल्कचा कारभारी म्हणे, वीसच. म्हणजे त्या जमिनीवरची ओकची झाडं अजून एक वर्षभर तोडता आली असती. त्या बारांत हॅमंडही होता. सुनावणीच्या आदल्या दिवशी कारभारी त्याच्या दारात आला. "उद्या वीस म्हण. नाहीतर हे घर रिकामं कर."

"म्हणा वीस आणि मोकळे व्हा," इडोनी नवऱ्याला म्हणाली. "या वयात मी कुठे दुसरी चूल मांडू?"

"बायबलवर हात ठेवून?"

"हात ठेवा. जोर देऊ नका."

दुसऱ्या दिवशी राजाचा अधिकारी सुनावणीला बसला. पहिला साक्षीदार म्हणाला, "एकवीस वर्षं झाली सरकार, त्या दिवशी माझा पाय मोडला." दुसऱ्याला घोड्यानं पाडलं होतं, पाय मोडला. तिसरा जिन्यावरून पडला, पायच.

सर फल्कच्या वकिलानं हात जोडले. "त्या दिवशी गावात धड उभं कुणी होतं का हो?"

सगळे हसले. खरं असं, की साल तिघांना बरोबर आठवत होतं, पण सांगण्याजोगं कारण नव्हतं. म्हणून हॅमंडचा सगळ्या गावाला ठाऊक असलेला अपघात तिघांनीही उसना घेतला, एकमेकांना न विचारता. हॅमंडला तर नाहीच.

त्याचा पुकारा झाला. तो लंगडत पुढे आला. "सरकार, माझाही पायच मोडला."

आता तर हसून हसून अधिकाऱ्यानं लेखणी खाली ठेवली. कारभारीही हसला. हॅमंड तिथेच गप्प बसता तर घर वाचलं असतं. पण आपल्या पायाला असं सगळ्यांनी हसावं, हे त्याला झोंबलं.

"सर फल्क," तो पुढच्या बाकाकडे वळला, "तुम्हाला उशीर झाला होता. आत बाप्तिस्मा सुरू झालेला. मी चर्चच्या देवडीचं छप्पर शाकारत होतो, तोच घसरलो थेट तुमच्या पुढ्यात. हाडवैद्यानं पाय ओढला तेव्हा मला धरलं होतं तुम्ही. तेव्हा तुमचं नि सर राल्फचं एका ताटात जेवण होतं, मालक. त्याच वर्षी पानगळीत तुम्ही फ्रान्सला गेलात, ते तीन वर्षांनी परत आलात. पोर आज वीसचं असेल, तर मला धरलं कुणी?"

कुणी हसलं नाही. कारभारी सर फल्कच्या कानाशी लागला. त्यांनी त्याला हातानं मागे सारलं आणि हातमोजा उतरवून अंगठा वर केला.

"चावला होतास मला," ते म्हणाले. "इथे." मग अधिकाऱ्याकडे बघून, "लिहा. एकवीस."

जमीन इन्ग्रॅमला देण्याचा हुकूम लंडनहून यायला सात आठवडे लागले. तेवढ्यात कारभाऱ्यानं दोघांना घराबाहेर काढलंच. पाणथळीकाठच्या गवताच्या खोपटात त्यांनी दिवस काढले. इडोनी रोज भांडली आणि रोज लापशी रांधली.

इन्ग्रॅमला जमीन मिळाली, तसा तो स्वतः खोपटाशी आला. "काय देऊ, हॅमंड?"

"घर, मालक. आणि माझ्यामागे ते इडोनीचंच राहू द्या."

हॅमंड चार वर्षांनी गेला. इडोनी त्या घरात आणखी अकरा वर्षं राहिली.