किटलीवरची गाय

पाट्या रंगवण्याच्या कारखान्यात एकोणीस माणसं, आणि कँटीनवाल्या मावशीच्या चहाला एकोणीसच्या एकोणीस जण माना डोलवायचे. बावीस दिवस तो चहा ओट्सच्या दुधाचा होता, हे मावशीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशीच्या घरामागे गोठा होता. तिथलं वासरू टेम्पोत घालून नेलं, तेव्हा त्याची आई तीन दिवस हंबरत होती. चौथ्या दिवशी मावशीनं दूध सोडलं. आधी घरी, मग कँटीनमध्ये. ओट्स भिजवायचे, वाटायचे, फडक्यातून पिळून गाळायचे. मनगटं भरून यायची, पण बाई हट्टी.

तेविसाव्या दिवशी तिला राहवलं नाही.

"कसा झालाय?"

"एक नंबर!" उस्ताद म्हणाला. उस्ताद म्हणजे तिथला सगळ्यात जुना पेंटर. त्याच्या हातची पाटी वाचून लोक गरज नसताना दुकानात शिरत.

"यात दुधाचा थेंब नाही. बावीस दिवस झाले."

ब्रश जागच्या जागी थांबले. वेल्डरनं पोट धरलं. पत्रे कापणाऱ्या कटिंगवाल्याला आठवलं, की आपले गुडघे बरोब्बर बावीस दिवसांपासून दुखतायत. उस्तादनं तर केस गळत असल्याची तक्रार केली. त्याला बारा वर्षांपासून टक्कल होतं.

"अहो, आत्ता तर एक नंबर म्हणालात!"

"तेव्हा मला कुठं माहीत होतं?"

घ्या! लोक म्हणे, दुधाची चव सुटत नाही. कसली डोंबलाची चव? बावीस दिवस जीभ मुकाट पीत होती. बोंब ठोकली ती कानांनी.

मॅनेजर धावत आला. "मावशी, सोमवारपासून दुधाचाच चहा. नाहीतर कँटीनची किल्ली माझ्या टेबलावर ठेवा."

"चौदा वर्षं या शेगडीपुढे उभी आहे," मावशी म्हणाली. "किल्ली देईन, पण दुधाचा चहा माझ्या हातून व्हायचा नाही."

"ते माझ्यावर सोडा," उस्ताद मध्ये पडला. "किटलीवर पाटी नाही, म्हणून हा घोळ झाला. एकदा पाटी लागली, की आत तेच असतं. तीस वर्षं बघतोय मी."

सगळ्यांना पटलं. त्यांचं पोटच त्या श्रद्धेवर चालत होतं.

उस्तादनं दोन दिवस खपून किटलीवर गाय काढली. काळी-पांढरी, लांब पापण्यांची. खाली ठसठशीत अक्षरं: शुद्ध दूध.

सोमवारी मावशीनं कमरेची किल्ली काढून मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. मग रोजच्यासारखे ओट्स गाळले, चहा उकळला आणि त्या किटलीतून ओतला.

उस्तादनं घोट घेऊन डोळे मिटले. "हां! याला म्हणतात चहा." वेल्डरचं पोट निवलं. कटिंगवाला उकिडवा बसून उठून दाखवू लागला.

"उस्ताद, तोच आहे. ओट्सचा. तोंडावर सांगतेय."

एकच हशा पिकला.

"मावशी, थट्टा पुरे! मग ही गाय काय खोटी?"

"अहो, तुम्हीच रंगवलीत ना ती!"

"म्हणूनच तर सांगतोय!" उस्तादला ते लागलं. "माझ्या हातची गाय आहे."

"बाईंना गंमत सुचतेय," म्हणत मॅनेजरनं रिकामा कप पुन्हा पुढे केला.

मावशीनं एकदा त्याच्याकडे, एकदा गायीकडे पाहिलं. टेबलावरची किल्ली उचलून कमरेला खोचली आणि कप काठोकाठ भरला.