अबोल मुलाचे अपील

लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने माझ्या मुलाच्या नैराश्याचे मूळ शोधून काढले. ते बर्फातल्या चौकीत नव्हते. मळमड्डीतल्या आमच्या घरात होते. मुलगा लहानपणापासूनच अबोल व एकलकोंडा होता, सबब आजार सेवेमुळे झालेला नाही, सबब अपंगत्वाचे निवृत्तिवेतन देय नाही. पहिले अपीलही याच वाक्यावर फेटाळले गेले.

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. वाईट निकाल पुष्कळ पाहिले. इतका आळशी क्वचित. भरतीच्या वेळी याच लष्कराच्या डॉक्टरांनी त्याला नखशिखान्त तपासून निरोगी ठरवले होते. पुढे चौकीवर हिमकडा कोसळला आणि गाडल्या गेलेल्या सोबत्यांना उकरून काढणाऱ्यांत तो होता, हेही त्यांच्याच दप्तरात आहे. त्यानंतर तो घरी आला तो बोलणे टाकून. जेवायला हाक मारली तर येतो. न मारली तर येत नाही. मंडळाला यातले काहीच महत्त्वाचे वाटले नाही. महत्त्वाचे वाटले ते अक्काचे बोलणे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मुलाची आई लवकर गेली. त्याला वाढवले अक्काने. सेवामुक्तीपूर्वी लष्करी रुग्णालयाने घरच्या माणसाला बोलावले तेव्हा मी अंथरुणावर होतो, म्हणून ती गेली. मुलगा लहानपणी कसा होता, असे डॉक्टरांनी विचारले. परक्याने घरातल्या मुलाविषयी विचारले की आमच्याकडे उत्तर एकच असते. स्थळ बघायला आलेल्यांपुढे ते पिढ्यान्‌पिढ्या घोटले गेले आहे.

"अगदी गरीब हो," ती म्हणाली. "तोंड वर करून बोलला नाही कधी. गल्लीतल्या पोरांत नाही, कशात नाही. बसवलं तिथं बसणार."

डॉक्टरांनी ते उतरवून घेतले. आपण मुलाचे नाव राखले, अशा समजुतीने ती परतली. वास्तविक तो सगळ्या गल्लीचा उपद्रव होता.

दुसऱ्या अपिलावर नवे मंडळ बसवण्याचा आदेश झाला. तारीख कळताच आमच्या कोपऱ्यावर चहा पीत बसणाऱ्या निवृत्तांना कंठ फुटला.

"दाढी करू देऊ नका त्याला," त्यांच्यातले एक बँकवाले म्हणाले. "शर्ट मळका घाला. विचारलं की रडायचं. सरकारी काम आहे, थोडं नाटक लागतंच."

"तुम्ही नोकरीभर केलंत," मी म्हटले. "तुम्हाला जमेल."

अक्काला मी सांगितले, या वेळी खरे काय ते सांग.

"खरं म्हणजे?"

"पेरूंचं."

"चार साहेबांपुढं मी माझ्या पोराला चोर म्हणू? तू म्हण की. तुझी जीभ तशी आहेच."

"मी कचेरीत असे. पाहिलंस तू."

"मग या वयात मी खोटारडी ठरणार."

"ठरशील."

सुनावणीच्या दिवशी बसस्टँडपर्यंत ती माझ्यापुढे दहा पावले चालत गेली. मुलाने दाढी केली होती, बूट चमकवले होते. ते तो रोज करतो. लष्कराने त्याच्याजवळ तेवढेच शिल्लक ठेवले आहे.

मंडळात तिघे अधिकारी होते. अध्यक्षांनी मागचा जबाब काढला. "आजी, तुम्हीच सांगितलं होतं, मुलगा शांत होता म्हणून."

अक्काने पदर सारखा केला. "ते आपलं सांगायचं असतं तसं सांगितलं, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे लोकांना सांगतात तसं. तुमच्या आईनं तरी तुमचं काय वेगळं सांगितलं असेल?"

त्यांतला एक हसला. मग मान खाली घालून, गुन्हा कबूल करावा तशी ती बोलू लागली. केलगेरीच्या तळ्याकाठच्या बागेतले पेरू. नळावर बायकांच्या केलेल्या नकला. शाळेची घंटा काढून विहिरीत टाकलेली. "एकदा त्या बागेच्या माळ्यानं मानगूट धरून घरापर्यंत आणला. तर हा त्यालाच कन्नडमधून शिव्या देतोय. सगळी गल्ली गोळा."

मुलगा समोरच्या भिंतीकडे पाहत होता. तो म्हणाला, "माळी नव्हता तो, अक्का. माळ्याचा मेहुणा होता."

एवढे बोलून तो पुन्हा भिंतीकडे पाहू लागला. कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडून पुरे वाक्य मी ऐकले नव्हते.

"बघा," अक्का अध्यक्षांना म्हणाली. "मला खोटं पाडायला बरोबर तोंड उघडलं."

निकाल टपालाने आला. आजार सेवाकाळात व सेवेमुळेच उद्भवला, हे मंडळाने मान्य केले होते. आमच्या घराण्याच्या रक्तावरचा ठपका निघाला. त्याखाली दुसरा परिच्छेद होता. अर्जदार नीटनेटका आहे, त्याची स्मरणशक्ती चोख आहे, तो संभाषणात स्वतःहून भाग घेतो; सबब आजार बहुतांशी बरा झाला असून अपंगत्व नगण्य आहे. निवृत्तिवेतन नाहीच. बूट चमकवायला ज्यांनी शिकवले, त्यांनी चमकलेल्या बुटांवरून त्याला बरा ठरवले. अख्ख्या सुनावणीत तो एक वाक्य बोलला. त्याला त्यांनी संभाषण म्हटले. अशी माणसे सही करून घरी जातात आणि त्यांना झोप लागते.

बँकवाले म्हणाले, "म्हटलं होतं, दाढी करू देऊ नका."

आता प्रकरण न्यायाधिकरणापुढे जाईल. हुबळीच्या वकिलांनी अर्जाचा मसुदा पाठवला. त्यात अर्जदाराचे ते विधान भ्रमिष्ट अवस्थेत केलेले होते, असे एक कलम आहे. "हे घालायलाच हवं," ते फोनवर म्हणाले. "एवढ्या एका वाक्यावर अडलंय सगळं."

बाकीचा मसुदा मी ठेवला. ते कलम खोडले. तो भ्रमात नव्हता. माणूस माळ्याचा मेहुणाच होता. अक्कालाही आता आठवते.