नेफ्यातला गणपती

२६ ऑगस्ट २०२१, गुरुवार. सकाळी सहा वाजता मी रंगांचे डबे उघडून बघत होते. वाळून दगड झालेले एका बाजूला, विकता येतील असे दुसऱ्या बाजूला. छावणीतल्या बंगल्यांना रंग देणारा एक ठेकेदार दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. भरलेले डबे, ब्रश, शिडी, जे असेल ते सगळं एकदम उचलतो म्हणाला होता. शिवणयंत्र आधीच गेलं होतं. मंगळसूत्र तारणात होतं. आता रंगांची पाळी होती.

आम्ही रामलीलेचे पडदे रंगवतो. झाशीच्या आसपासच्या गावांमधून जनकपुरी, पंचवटी, लंकेचा दरबार अशा पडद्यांची मागणी येते. म्हणजे यायची. मागच्या वर्षी एकही रामलीला झाली नाही आणि या वर्षी प्रत्येक कमिटी फोनवर एवढंच म्हणत होती, 'देखेंगे'. त्यातच हिवाळ्यात यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय निम्मा परत आला, उजवा हात आला नाही.

आमची कामाची खोली गल्लीच्या टोकाला, भाड्याची. तिला चोवीस फुटांची एकसलग भिंत आहे. मालकानं सांगून ठेवलं होतं की एक तारखेला त्याला तिथं कूलर ठेवायचे आहेत; महिन्याचं भाडं आधी हातात पडलं तरच तो विचार करेल. ती भिंत गेली की आमचा धंदा संपला. दोन खोल्यांच्या घरात जनकपुरी रंगवता येत नाही.

अडचणीतल्या कलाकारांना सरकारी मदत मिळते हे मुलीनं मोबाइलवर शोधून काढलं. अर्ज भरताना मी एक चूक केली. आमच्या धंद्यातल्या कुणाही बाईनं ती केली असती, कारण सगळी कागदपत्रं पुरुषाच्याच नावाची असतात. कमिट्या काम 'पेंटर साहब'ला द्यायच्या, पावती त्यांच्या नावाची, वर्तमानपत्रात एकदा फोटो आला तोही त्यांचाच. प्रत्यक्षात हे कापड आणायचे, शिवून घ्यायचे, बांबू चढवायचे, भाव ठरवायचे आणि शेवटी देणगीदार शेठजींचं नाव सुरेख अक्षरात लिहायचे. बाकीचं, म्हणजे राजवाडे, झाडं, नदी, हरणं, मी. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात मला काही खटकत नव्हतं. अर्ज त्यांच्या नावानं गेला.

मग आठ दिवसांपूर्वी कचेरीतले बाबू चौकशीला घरी आले. माणूस सभ्य होता. त्यानं पाणी घेतलं, यांची विचारपूस केली आणि म्हणाला, नियम आहे म्हणून विचारतो, काहीतरी काढून दाखवा, एखादं फूलसुद्धा चालेल. मुलीनं कागद मांडला. यांनी डाव्या हातात ब्रश धरला. दोन रेघा आल्या, तिसऱ्या रेघेला ब्रश खाली पडला. मी तो उचलला आणि हात कागदाजवळ होताच म्हणून ते फूल पुरं केलं. पाकळ्या, देठ, दोन पानं. विचार केलाच नाही. उतू जाणारं दूध जसं आपण उतरवतो, तसं झालं.

बाबूंनी कागद उचलून पाहिला.

"तो फिर आवेदन किसके नाम से होना चाहिए था, माताजी?"

अर्ज नामंजूर झाला. यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हात लावायला नको होतास." मी म्हटलं, "नव्हता लावायला पाहिजे." विषय तिथंच मिटला, पण घरात दोघं एकमेकांना टाळत होतो आणि दोन खोल्यांत ते जमत नाही.

तर त्या गुरुवारी सकाळी मुलगी खोलीत आली. ती मराठी समजते पण बोलते हिंदीच. म्हणाली, "आई, आज लास्ट डेट है. शाम छह बजे तक. आपके नाम से नया भर सकते हैं, बस काम का प्रूफ चाहिए." पुरावा म्हणजे ज्यांनी काम दिलं त्यांचं पत्र आणि कामासोबत फोटो.

माझ्याजवळ माझ्या कामाचा काय पुरावा होता? पडद्यांवर शेठजींची नावं. कैलासवासी पिताजींची नावं. एका पडद्यावर तर तेलाच्या घाण्याचं नाव. माझं कुठंच नाही. डबा हातात धरून मी बसून राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मी सोडून दिलं होतं. हातातल्या डब्यातला निळा रंग चांगला होता, त्याचे किती येतील याचाच विचार चालला होता.

मग गणपती आठवला.

पडद्याच्या खालच्या कडेला नेफा शिवतात, त्यात बांबू जातो म्हणजे पडदा ताठ राहतो. रंगवायला घ्यायच्या आधी नेफ्याच्या आतल्या अंगाला काहीतरी शुभ काढायची रीत आहे. कुणी स्वस्तिक काढतं, कुणी 'श्री' लिहितं. ते नेफ्यात जातं आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. मी तिथं गणपती काढते, आणि आमच्या माहेरी गणपतीला पगडी बांधायची पद्धत, म्हणून माझ्या गणपतीला पगडी असते. झाशीत दुसरा कुठला पेंटर गणपतीला मराठी पगडी घालणार?

गरौठ्याच्या पुढं एका गावात आमचा सगळ्यात जुना पडदा अजून होता. मी यांना सांगितलं, त्या गावाला जाऊन येते. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, "मंत्रीजींना दुपारी झोप लागते. बाराच्या आत गाठ." मंत्रीजी म्हणजे कमिटीचे सचिव. मी आणि मुलगी सातच्या बसला बसलो.

मंत्रीजी धान्याच्या दुकानात बसले होते. त्यांनी चहा मागवला, यांच्या तब्येतीचं ऐकून हळहळले आणि पत्र लगेच देतो म्हणाले, पेंटर साहेबांच्या नावानं. मी सांगितलं, माझ्या नावानं हवं. त्यांना वाटलं मला सरकारी कागद कळत नाहीत. समजुतीनं म्हणाले, "भाभीजी, परदा तो पेंटर साहब का है. और पैसा किसी के नाम आए, आएगा तो घर में ही."

मी म्हटलं, पडदा उघडा.

शाळेच्या एका खोलीत पेटी होती. दोन माणसांनी पडदा बाहेर काढून व्हरांड्यात पसरला. एक कोपरा उंदरांनी खाल्ला होता आणि जनकाच्या महालाचे दोन खांब ओल लागून पिवळे पडले होते. मी गुडघ्यावर बसले आणि मुलीकडून कात्री घेऊन नेफ्याची शिवण उसवायला लागले. मंत्रीजी म्हणाले, अहो, फाटेल. मी म्हटलं, परत शिवून देते. उजवीकडच्या टोकाला काही नव्हतं. मधेही नव्हतं. हा पडदा बावीस वर्षांपूर्वीचा, तेव्हा मी गणपती काढत होते की नाही हेच आठवेना. डावीकडचं टोक उरलं होतं. शेवटचे चार टाके उसवले आणि गेरूनं काढलेला बोटभर गणपती निघाला. पगडीसकट.

मंत्रीजी वाकले. चष्मा वर केला.

"अरे, हमारे गणेशजी को पगड़ी किसने पहना दी?"

मी त्यांच्याच दुकानाच्या वहीचा कोरा कागद मागून घेतला आणि पेनानं तस्साच दुसरा काढून दिला. त्यांनी कागद नेफ्याशेजारी धरला. दोन्ही पगड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, तुमचं खरं आहे, पण लिहू काय? "गाँव पूछेगा, जनकपुरी औरत ने बनाई?"

"बाईस बरस से उसी के आगे सीताजी का ब्याह करा रहे हो," मी म्हटलं. "टूटा क्या?"

पडदा धरलेली दोन्ही माणसं हसली. मंत्रीजीही हसले, जरा उशिरानं. त्यांनी कमिटीच्या कागदावर पत्र लिहिलं, शिक्का मारला. मुलीनं मोबाइलवर फोटो काढला: मी, पडदा आणि उलटा केलेला नेफा. मी पत्र वाचलं. माझं नाव होतं. त्यापुढं त्यांनी आपल्या मनानं चार शब्द घातले होते: 'पति के निर्देशन में'. त्यावर वाद घालता आला असता, पण दीडची बस गेली असती. नेफा तिथंच बसून धावदोऱ्यानं शिवून दिला आणि निघालो.

बस वाटेत तासभर बंद पडली. रस्त्याकडेला उभं राहून मी मुलीला तीनदा विचारलं किती वाजले, चौथ्यांदा ती म्हणाली, "आई, पूछने से बस नहीं चलेगी." झाशीत इलाइट चौराह्यावरच्या सायबर कॅफेत पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते. फोटो चढेना. दुकानदारानं तो दोनदा लहान केला. सहाला चार मिनिटं असताना कॉम्प्युटरवर अर्जाचा नंबर आला. खाली लिहिलं होतं, अर्ज विचाराधीन. पैसे कधी येतील, येतील का, हे दुकानदारही सांगू शकत नव्हता. त्याच्याकडे फेब्रुवारीत भरलेले अर्ज अजून विचाराधीनच होते, असं त्यानं सहज सांगितलं.

म्हणजे सगळा दिवस घालवून हातात एक नंबर आला होता. एक तारखेला मालकाला मी नंबर देणार होते का?

घरी आल्यावर पत्र यांच्या हातात दिलं. त्यांनी ते डाव्या हातानं उजेडात धरून वाचलं.

"निर्देशन?" ते म्हणाले. "मी बांबू धरत होतो."

आठ दिवसांत ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. मी पोळ्या लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ठेकेदार आला. मी त्याला निळा, पांढरा, पिवळा, सगळे डबे दिले, शिडी दिली, रुंद ब्रश दिले. गेरूची अर्धी पुडी आणि एक बारीक ब्रश मी आधीच बाजूला काढून ठेवला होता, तो त्यानं मागितलाही नाही. रंग पुन्हा विकत घेता येतात. चोवीस फुटांची भिंत मिळत नाही. त्याची गाडी गल्लीबाहेर पडल्यावर मी तशीच मालकाकडे गेले, सप्टेंबरचं भाडं त्याच्या हातावर ठेवलं आणि परत येऊन रिकामी खोली झाडून घेतली.