आता काय करता, बाबा?

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांच्याजवळ एकच शब्द उरला, 'थांब'. पाणी हवं, थांब. पाठ खाजते, थांब. जन्मभर धान्यबाजारात हर्रासाची बोली पुकारलेला माणूस हो! त्यांचा आवाज वर्ध्याच्या बाजारात पार फाटकापर्यंत जायचा. डॉक्टर म्हणाले, बोलतं ठेवा, दुसरा एक शब्द आला की मागोमाग बाकीचेही येतील. त्या दुसऱ्या शब्दासाठी मी काय काय नाही केलं!

मला तेव्हा एक खूळ लागलं होतं. एकोणीसशे ऐंशीनंतरची गोष्ट. माझा एक मास्तर मित्र सेलूचा. त्याच्या अमेरिकेतल्या मावसभावानं त्याला एका खेळाचा डबा पाठवला होता. आत इंग्रजी नियमांचं बाड आणि वीस बाजूंचा फासा. खेळ तसा सोपा. एकानं गोष्ट सांगायची, 'पुढे नदी आहे, पूल मोडका आहे, आता काय करता?' बाकीच्यांनी आपापला शिपाई काय करतो ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवणार. गोष्ट सांगणारा मी. दर रविवारी नालवाडीच्या आमच्या घरी हा मास्तर आणि शेजारचा औषधांचा दुकानदार जमायचे. पुठ्ठ्यावर खडूनं नदी-डोंगर, मातीचे शिपाई, आणि घोड्यांच्या जागी माझ्या पोराचे, तान्ह्या पोळ्याला मुलं मिरवतात ते लाकडी बैल. बायको चहा ठेवता ठेवता म्हणायची, "पोट्टे परवडले, हे घोडे नाई."

बाबांची खाट तिथंच. त्यांनाही एक शिपाई दिला, हातात भाला. डाव्या हातानं फासा टाकायचे, झकास टाकायचे. पण मी विचारलं, "बाबा, वाघ आला! आता काय करता?" की उत्तर ठरलेलं.

"थांब."

मग मी इरेला पेटलो. आग लावली. दरोडेखोर आणले. त्यांच्या शिपायापुढे लग्नाची पंगत मांडली, म्हटलं 'जेवतो' तरी म्हणतील. थांब! इकडे मास्तर आणि दुकानदार धडाधड गुहेत शिरून मरायचे, नवे शिपाई घेऊन यायचे, आणि बाबांचा गडी आपला पुलापाशी उभा.

"काका लय बेरकी हाय बे," मास्तर म्हणायचा. "आमी मरून राह्यलो अन् हे मजेत उभे."

हसायचो आम्ही. बाबाही अर्ध्या तोंडानं हसायचे. हसून झालं की मी पुढच्या रविवारचा डाव रचायला लागायचो.

एका रविवारी मी डाव असा लावला, की दोघांचे शिपाई नदीपलीकडे कैदेत आणि बाहेर एकटे बाबा. कैदखान्याच्या फाटकाचा दोर त्यांच्या शिपायाच्या हाताशी. 'ओढ' म्हटलं की सुटका. नुसतं 'ओढ'.

"आता काय करता, बाबा?"

"ओढा नं काका!" दुकानदार गुडघ्यावर आला. "काऊन थांबले? बोला नं!"

बाबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. ओठ गोल झाले. आला, आला, असं वाटलं. मास्तरानं माझा हात घट्ट धरला.

"थ... थांब," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

माझं अवसानच गेलं. काय करावं माणसानं? "जाऊ द्या रे, बंद करा हा खेळ," म्हणालो आणि शिपाई गोळा करायला लागलो. बाबांच्या शिपायाला हात लावला तसं त्यांनी माझं मनगट पकडलं. त्या डाव्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"थांब," बाबा म्हणाले.

या वेळी त्यांना पाणी नको होतं, की पाठ खाजत नव्हती. थांब म्हणजे थांबच. मी शिपाई होता तिथं परत ठेवला. मास्तरानं फासा बाबांच्या हातात दिला आणि खेळ पुढे सुरू झाला.

दुसरा शब्द काही आला नाही. पावसाळा संपता संपता बाबांना पुन्हा झटका आला. दवाखान्यात त्यांचा डावा हात धरून बसलो होतो. तो सैल पडत चालला, तसा मी एकसारखा म्हणत होतो, "थांबा, बाबा. थांबा." माझ्याजवळ तरी दुसरा शब्द कुठे होता?