बाराच्या आत मसालेभात

"अहो, वाढा आधी! वाद नंतर घाला! आईची वेळ निघून चाललीय!" बायको विहाराच्या दारातून अशी ओरडली, की गोदावरीपलीकडे पंचवटीतल्या भाजीवाल्यांनी घाबरून हातातल्या जुड्या खाली ठेवल्या असतील.

बुद्धपौर्णिमा होती. कॉलनीच्या विहारात भोजनदान. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो, म्हणजे पक्षपात करणार नाही, असं धरून कमिटीने मसालेभाताचं पातेलं माझ्या हवाली केलेलं. पातेलं एवढं, की आत उतरायला शिडी लागावी. रांग पार सटाण्यापर्यंत. रांगेच्या शेपटाला पांढऱ्या साडीत सासूबाई. त्यांनी अष्टशील घेतलेलं. बारानंतर उद्या सकाळपर्यंत घास नाही. त्यात घरून निघताना मधुमेहाची गोळी घेतलेली.

"त्यांना पुढे घ्या," शेजारी पुऱ्या वाढणारा मित्र म्हणाला. हा कॉलनीत अभ्यासवर्ग चालवतो. नीती माणसांच्या अडचणीतून सुरू होते, पुस्तकातून नाही, हे त्याचं कायमचं म्हणणं.

"स्वतःच्या सासूला पुढे घेऊ? जो नियम सगळ्यांना लागू होत नाही, तो नियमच नाही!"

"सर, या क्षणी ती तुमची सासू नाही. भुकेली बाई आहे."

"मग बाकीचे काय ढेकर द्यायला उभे आहेत?"

"विचारू की त्यांनाच!" म्हणत पठ्ठ्या पुऱ्या टाकून रांगेत शिरला. झालं! एकाचा गुडघा, एकीची पिंपळगावची बस, एकाची तर सूनच अडचण. जो तो पुढे. रांगेचा पार लगदा. मी डाव तलवारीसारखा उगारून विवेकाचं रक्षण करत होतो, तो दोन्ही हात पसरून करुणेचं. भात मात्र कुणीच वाढत नव्हतं.

घड्याळात बारा वाजले. शेपटाकडे पाहतो, तर सासूबाई गायब! चक्कर येऊन पडल्या की काय? मी आणि मित्र, सिद्धांत जागच्या जागी टाकून, असे धावलो की मंडपाचे बांबू हलले.

सासूबाई मागच्या नळावर ताट धूत होत्या. त्यांनी सरळ आचाऱ्याकडे जाऊन चुलीवरच्या दुसऱ्या पातेल्यातून वाढून घेतलेलं, आणि बाराच्या आत जेवण उरकलेलं.

जीव भांड्यात पडला, पण खुमखुमी जाते कुठे! "आई, खरं सांगा. आमच्या दोघांत कुणाचं पटलं?"

"ऐकलं नाही, जावईबापू. जेवत होते."